भाडेकरू भाडं कमी करा म्हणतो तेव्हा: घरमालकाने हिशेब कसा मांडावा, उत्तर कसं द्यावं

"काका, जरा भाड्याचं बघा ना," ही विनंती वर्षातून एकदा आली तर कुणाचं काही बिघडत नाही. तीच दर दोन महिन्यांनी यायला लागली, सोबत शेजारच्या बिल्डिंगमधल्या भाड्याचे दाखले आणि "नाहीतर आम्ही दुसरं घर बघतो" हेही यायला लागलं, की बरेच घरमालक दोनपैकी एक करतात. वैतागून साफ नाही म्हणतात, नाहीतर कटकट नको म्हणून आकडा कमी करून मोकळे होतात. नुकसान दोन्हींत होतं. पहिल्यात वेळेवर पैसे देणारा माणूस जातो आणि घर रिकामं पडतं. दुसऱ्यात खाली आलेला आकडा पुढच्या प्रत्येक भाडेवाढीचा पाया होऊन बसतो.

यावर उपाय म्हणजे एक क्रम पाळणं. आधी मागणीचं खरं कारण काढायचं, मग स्वतःचा हिशेब मांडायचा, मग भाड्याच्या आकड्याला हात न लावता काय देता येईल ते बघायचं. सूट द्यायचीच वेळ आली तर ती ठरावीक मुदतीची आणि कागदावर द्यायची. इथलं सगळं महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेल्या राहत्या घराबद्दल आहे. पागडीचे जुने भाडेकरू हा वेगळा विषय आहे, तिथे भाडं आणि त्यातली वाढ कायद्यानेच बांधलेली असते.

जागेवर आकडा बोलू नका

मागणी फोनवर आली, जिन्यात भेटल्यावर आली किंवा रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आली, तरी उत्तर एकच: "तुमचं म्हणणं मला सविस्तर लिहून पाठवा, मी रविवारपर्यंत कळवतो." घाईत लिहिलेलं "ओके, बघू या महिन्यापासून २३ हजार करू" हे एवढंसं वाक्य भाडेकरू जपून ठेवतो, आणि त्यात काही गैरही नाही. पुढे वाद झाला की तेच वाक्य पुराव्यासारखं समोर येतं.

लिहून मागण्याचा दुसरा फायदा असा की मागणी स्पष्ट होते. बोलताना "भाडं जास्त आहे" एवढंच येतं. लिहिताना माणूस कारण लिहितो: उन्हाळ्यात पाणी येत नाही, लिफ्ट महिनाभर बंद होती, नोकरी बदलली, रूममेट सोडून गेला. प्रत्येक कारणाला उत्तर वेगळं आहे.

त्या दोन-तीन दिवसांत करार काढून वाचा. मुदत कधी संपते, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही तो) किती महिन्यांचा आहे, नोटीस पिरियड किती, भाडेवाढीचं कलम आहे का, मेंटेनन्स कोणाकडे आहे. कराराच्या मध्यावर आलेली मागणी आणि नूतनीकरणाच्या वेळची मागणी यांत मोठा फरक आहे. मध्यावर भाडं ठरलेलं असतं, तुम्ही काही देणं लागत नाही. जे द्याल ते स्वखुशीचं. नूतनीकरणाला दोघंही मोकळे असतात आणि भाडेकरूला घासाघीस करण्याचा पूर्ण हक्क असतो. त्याचा राग मानू नये. लॉक-इन चालू असताना "आम्ही सोडतो" म्हणणाऱ्याला कलम शांतपणे दाखवता येतं, पण त्यावर फार विसंबू नका. माणूस निघूनच गेला तर लॉक-इनची रक्कम प्रत्यक्षात डिपॉझिटपुरतीच हाती लागते.

मागणीमागे खरं काय आहे

बऱ्याचदा भाडं कमी करा म्हणजे घरातली एखादी गोष्ट दुरुस्त करा, एवढाच अर्थ असतो. सहा महिने गीझर नीट तापत नाही, दोनदा सांगून झालंय, कुणी आलं नाही; मग भाडेकरू त्या त्रासाची किंमत भाड्यात शोधू लागतो. बोअरचं जड पाणी असलेल्या भागात गीझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, पाणी कोमट राहतं आणि लाइट बिल वाढतं. कॉइल साफ करून किंवा कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलून काम भागतं. या एका कामावर एकदा होणारा खर्च आणि भाड्यातून दरमहा हजार रुपये कायमचे सोडणं, यांची बरोबरी होऊ शकत नाही. म्हणून मागणी आली की आधी स्वतः जाऊन घर बघा. वेळ ठरवून जा, न सांगता जाऊ नका. नळ, फ्लशची टाकी, बाथरूमच्या भिंतीची ओल, खिडकीची जाळी, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप बघा. दुरुस्तीला तारीख द्या आणि ती पाळा.

लाइट बिलाची तक्रार असेल तर मीटर कुणाचा आहे ते पाहा. एकाच मीटरवर मालक आणि भाडेकरू असतील, मध्ये सब-मीटर असेल, तर दोन घरांचे युनिट एकत्र मोजले जाऊन वरच्या टप्प्यात जातात आणि त्या युनिटना जास्त दर लागतो. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पे बदलतात. दोघांचा वापर १५०-१५० युनिट असेल तर एकत्र मिळून तो ३०० च्या आतच बसतो, पण वेगळ्या मीटरवर प्रत्येकाला पहिल्या १०० युनिटचा स्वस्त दर मिळाला असता तो इथे दोघांत मिळून एकदाच मिळतो. भाडेकरूला आपण फसवले जातोय असं वाटतं, आणि तसं वाटण्यात त्याची चूक नाही. वेगळा मीटर घ्या, निदान तोवर स्वस्त टप्पा दोघांत वाटून हिशेब करा आणि बिलाचा फोटो दर महिन्याला पाठवा.

पाण्याचा प्रश्न पुण्याच्या वाघोली, बाणेरसारख्या भागांत उन्हाळ्यात दरवर्षी येतो. सोसायटी टँकर मागवते आणि त्याची वर्गणी मेंटेनन्सच्या वर लावते. ती कोणी भरायची हे करारात नसेल तर मेमध्ये भांडण ठरलेलं. यावर भाडं कमी करण्यापेक्षा "टँकरची जादा वर्गणी मी भरतो" हे उत्तर चांगलं. उन्हाळा संपला की खर्चही संपतो.

रूममेट सोडून गेला हे कारण हिंजवडी, खराडी, पवई, ऐरोली अशा नोकरदारांच्या भागात नेहमीचं. तिघं होते, दोघं उरले, म्हणून भाडंही दोन तृतीयांश करा. इथे नम्रपणे पण ठाम नाही म्हणावं. घर पूर्ण दिलेलं आहे, माणशी दिलेलं नाही. त्यासाठी करारात तिघांचीही नावं हवीत आणि पूर्ण भाड्याची जबाबदारी संयुक्त व वैयक्तिक आहे, म्हणजे प्रत्येक जण एकटाही पूर्ण भाड्याला जबाबदार आहे, असं कलम हवं. मदत करायची तर नवा रूममेट शोधायला ३० दिवस द्या, तुमच्या ओळखीत विचारा, आणि नवा माणूस आला की त्याचं नाव कागदावर आणि पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीत घाला. नाव न घालता कुणाला राहू दिलं तर पुढे घरात नक्की कोण राहतंय हेच सांगता येत नाही.

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, पगार रखडला, अशा वेळी माणुसकीने वागावं. आधीचा रेकॉर्ड चांगला असेल तर दोन-तीन महिने सवलत किंवा भाड्याचे दोन हप्ते हा योग्य मार्ग आहे. फक्त हप्ते देताना तारखा लिहून घ्या.

उरला "बाहेर भाडी कमी झालीत" हा मुद्दा. हा खराही असू शकतो. पोर्टलवर दिसतं ते मालकाने मागितलेलं भाडं असतं, प्रत्यक्ष ठरतं ते वेगळं. तुमच्याच सोसायटीत गेल्या तीन-चार महिन्यांत दिलेल्या तेवढ्याच खोल्यांच्या दोन-तीन फ्लॅटचं भाडं काढा. सोसायटीच्या ऑफिसात करारांच्या प्रती असतात, त्यामुळे मॅनेजरला अंदाज असतो; वॉचमनला कोणता फ्लॅट किती दिवस रिकामा आहे हे पक्कं माहीत असतं. दोन एजंटना विचारा, पण एकाला मालक म्हणून आणि दुसऱ्याला घर शोधणारा म्हणून. दोन उत्तरांच्या मध्ये खरा भाव सापडतो. तुलना करताना मजला, पार्किंग, फर्निचर, मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे सारखं असलं पाहिजे. २३ हजारांत मेंटेनन्स भाडेकरूकडे आणि २६ हजारांत मालकाकडे, तर फरक वाटतो तेवढा नसतोच.

हिशेब कागदावर मांडा

समजा भाडं २६,००० आहे आणि भाडेकरू नूतनीकरणाला २३,००० मागतोय. तो गेला तर काय होईल?

घर एक महिना रिकामं: २६,०००. तुमच्या बाजूची दलाली १५ दिवसांची: १३,०००. रंगकाम आणि साफसफाई १८,०००, पण रंग कधीतरी काढावाच लागणार होता म्हणून निम्मे धरा: ९,०००. एकूण ४८,०००. नवा भाडेकरूही २६,०००च देणार असेल, तर जुन्याला तीन हजार कमी करून वर्षात ३६,००० जातात. म्हणजे पहिल्या वर्षापुरतं बघितलं तर त्याला ठेवणं स्वस्त.

आता दुसरं वर्ष बघा. ५ टक्के वाढ २३,०००वर मोजली तर २४,१५० होतात. २६,०००वर मोजली तर २७,३००. फरक महिन्याला ३,१५०, वर्षाला ३७,८००. दोन वर्षांचे मिळून ७३,८०० गेले, वाचले ४८,०००. तोटा कुठून आला? सवलतीतून फारसा नाही, पाया खाली आल्यामुळे आला. म्हणूनच करारातलं भाडं २६,०००च ठेवून वरून काही महिन्यांची सवलत देणं हा सगळ्यात उपयोगी मार्ग आहे. भाडेकरूच्या हातात पैसे राहतात, तुमचा पायाही राहतो.

हाच हिशेब बाजार तेजीत असताना उलटा येतो. घर दहा दिवसांत जाणार असेल आणि २७,००० मिळणार असतील, तर रिकामे दिवस ९,०००, दलाली १३,५००, रंग ९,०००, असे ३१,५०० लागतील. २३,०००वर ठेवलं तर वर्षाला ४८,००० कमी. अशा वेळी हसतमुखाने निरोप द्यावा.

दोन खर्च हिशेबात विसरले जातात. एक, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क. हे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, आणि महापालिकेचा कर त्या हिशेबात धरायचा नसतो. तुमची सोसायटी जास्त घेत असेल तर तिथे दाद मागा, भाडेकरूच्या खिशातून ते भरून काढू नका. दुसरा, पुण्यातला मालमत्ता कर. स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिलं की मिळत नाही.

मोसमही बघा. पुण्या-मुंबईत शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांमुळे मे ते जुलैमध्ये घरं पटापट जातात, दिवाळीनंतर मागणी मंदावते. करार डिसेंबरात संपत असेल तर रिकामा काळ एकऐवजी दीड-दोन महिने धरा आणि थोडं जास्त सोडायची तयारी ठेवा. पुढचा करार मात्र मेमध्ये संपेल असा करा. करार ११ महिन्यांचाच हवा ही समजूत सोडून द्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारकच आहे, त्यामुळे ११ महिन्यांनी काहीही वाचत नाही. १८ महिने करा, २९ करा, ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

आकडा न हलवता काय देता येईल

भाडेकरूच्या दृष्टीने मोल असलेलं आणि तुम्हाला फार महाग न पडणारं काय आहे, ते शोधा. यंदाची भाडेवाढ थांबवणं ही सगळ्यात सोपी देवघेव. २६,०००चे २७,३०० होणार होते ते २६,०००च राहिले, म्हणजे वर्षाला १५,६०० रुपये सोडले, हे त्याला आकड्यात सांगा. आकडा सांगितला नाही तर "काहीच कमी केलं नाही" असंच वाटत राहतं. त्याबदल्यात २४ महिन्यांचा करार आणि १२ महिन्यांचा लॉक-इन मागा.

हॉलला रंग, वॉटर प्युरिफायर, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन, डासांच्या जाळ्या, रिकामं पडलेलं दुसरं पार्किंग, या गोष्टी एकदाच होतात आणि घरातच राहतात. डिपॉझिटमधला थोडा भाग परत करणं हाही कधीकधी चांगला उपाय; ज्याची अडचण रोख पैशांची आहे त्याला ७५,०००मधले २०,००० परत मिळाले तर भाड्याचा विषय निघतही नाही. पण दोन महिन्यांच्या भाड्याखाली डिपॉझिट उतरू देऊ नका.

भाड्याची पावती आणि पॅन क्रमांक वेळेवर देणं ही फुकटात होणारी मदत आहे. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्याला, भाडं वर्षाला एक लाखावर असेल तर, घरमालकाचा पॅन ऑफिसात द्यावा लागतो. काही मालक तो द्यायला टाळाटाळ करतात आणि मग भाडेकरू बुडालेला कर भाड्यातून वसूल करायला बघतो. भाड्याचं उत्पन्न दाखवा. त्यातून महापालिकेचा भरलेला कर आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट तुम्हालाही मिळते.

एक प्रस्ताव मात्र कधीच स्वीकारू नका: "करारात १५ हजार दाखवू, बाकीचे रोख देतो, तुम्ही थोडं कमी करा." कराराची मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम २४ नुसार करारातल्या शुल्काच्या (म्हणजे भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते, आणि लेखी करारात जे लिहिलं आहे तेच निर्णायक पुरावा मानलं जातं. कागदावर १५ लिहिले तर दुप्पटही १५चीच. शिवाय वाचतं काय? मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या ०.२५ टक्के असतं. २४,००० भाडं, ७५,००० डिपॉझिट, ११ महिने, तर शुल्क साधारण ७०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. एवढ्यासाठी एवढा धोका पत्करायचा नाही.

सवलत कशी लिहावी

द्यायचं ठरलं की पत्र लिहा, ईमेलने पाठवा आणि भाडेकरूकडून "मान्य" असं उत्तर घ्या. मजकूर असा असावा:

"आपल्यातील नोंदणीकृत करारानुसार मासिक शुल्क २६,००० रुपये असून ते कायम आहे. आपल्या विनंतीवरून १ जुलै ते ३१ डिसेंबर या सहा महिन्यांसाठी दरमहा २,००० रुपयांची तात्पुरती सवलत देत आहे. रक्कम ५ तारखेपर्यंत खात्यात जमा झाल्यास त्या महिन्याची सवलत लागू राहील. १ जानेवारीपासून शुल्क पूर्ववत २६,००० रुपये राहील. पुढील वाढ २६,००० रुपयांवर मोजली जाईल. कराराच्या इतर सर्व अटी कायम आहेत."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. शेवटची तारीख नसेल तर सवलत कायमची आहे असं समजलं जातं. ५ तारखेची अट घातली की उशिरा भाडं देण्याची सवय बहुतेक वेळा आपोआप सुटते. वाढ कशावर मोजायची हे नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच वाद. भाडं कायमचंच बदलायचं असेल तर साध्या पत्रावर भागवू नका; पुरवणी करार करा आणि तोही नोंदवा.

बोलताना शब्द मऊ आणि आकडे घट्ट ठेवा. "परवडत नाही" असं मालकाने म्हटलं की पुढचे दहा मिनिटं कुणाला जास्त परवडत नाही यावर जातात. त्यापेक्षा: "या सोसायटीतले तीन फ्लॅट मी पाहिले, २५ ते २७मध्ये गेलेत. तुमचं राहणं चांगलं आहे, तुम्ही राहावं असं मला वाटतं. वाढ मी सोडतो, गीझर या शनिवारी बदलतो. याखाली मला जमणार नाही." एवढं बोलून थांबा. दुसऱ्याने गप्प बसलं की आपणच आणखी पाचशे कमी करतो, ही चूक फार जण करतात.

परस्पर कापून भाडं पाठवणारा

काही जण विचारत नाहीत, सरळ २६ऐवजी २३ पाठवतात. पैसे परत करू नका, पण गप्पही बसू नका. त्याच दिवशी लिहा: "२३,००० रुपये मिळाले. या महिन्याचे ३,००० रुपये बाकी आहेत, १० तारखेपर्यंत पाठवावेत." दोन-तीन महिने मालक काही बोलला नाही की कमी भाडं त्याला मान्य होतं असा बचाव तयार होतो. साध्या वहीत तारीख, आलेली रक्कम, बाकी, असा तक्ता ठेवा.

त्याआधी एक तपासा: कपात टीडीएसची, म्हणजे भाड्यातून कापून सरकारकडे भरायच्या कराची, तर नाही? महिन्याला ५०,०००पेक्षा जास्त भाडं देणाऱ्या व्यक्तीला टीडीएस कापावाच लागतो. १ ऑक्टोबर २०२४पासून हा दर ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला. तो सहसा वर्षातून एकदाच, मार्चमध्ये किंवा घर सोडताना कापला जातो. ५५,००० भाडं असेल तर पूर्ण वर्षाचे १३,२०० एकदम कमी येतात आणि मालक चिडतो. ती रक्कम तुमच्याच नावावर सरकारजमा झालेली असते. प्रमाणपत्र मागा आणि विवरणपत्रात तिचं क्रेडिट घ्या.

दुरुस्तीचा खर्च कापला असेल तर बिल मागा. खरी, आवश्यक दुरुस्ती असेल तर तेवढी मान्य करा आणि पुढच्या वेळी १,००० रुपयांवरच्या कामाला आधी विचारायचं, हे लिहून ठेवा.

बाकी साठतच गेली तर वकिलामार्फत नोटीस द्या. पाणी बंद करणं, वीज तोडणं, कुलूप बदलणं, सोसायटीला सांगून लिफ्टचं कार्ड बंद करणं यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला कायद्याने मनाई आहे, आणि तसं केलं की थकबाकीचा विषय बाजूला राहून तक्रार तुमच्यावरच होते. मुदत संपूनही ताबा मिळाला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही तर त्याला बचाव करता येत नाही. हा रस्ता दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे, पण करार नोंदणीकृत असेल तरच तो सुरळीत चालतो. करार नोंदवणं ही कलम ५५ नुसार घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तो म्हणाला भाडं १८ ठरलं होतं, तर २६ ठरलं होतं हे तुम्ही सिद्ध करायचं. भाड्यावरून हट्ट धरणाऱ्या माणसासमोर यापेक्षा वाईट जागा नाही.

नूतनीकरण दोन महिने आधी

मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी तुम्हीच पहिला निरोप पाठवा: नवं भाडं, मुदत, वाढ, आणि १५ दिवसांत उत्तर. शेवटच्या आठवड्यात विषय काढला तर घाई तुम्हालाच असते आणि भाडेकरूला ते कळतं. उत्तर आलं नाही तर एजंटला सांगा आणि घर दाखवायला सुरुवात करा. त्यासाठी शेवटच्या महिन्यात घर दाखवण्याची मुभा करारात हवी.

करार संपला, नवा झाला नाही, भाडं मात्र येतंय आणि तुम्ही घेताय, ही अवस्था टाळा. मुदत संपल्यावरही काही न बोलता पैसे घेत राहिलं की तोंडी मुदतवाढ झाली असं म्हणायला जागा मिळते आणि दुप्पट भरपाईचा मुद्दा कमजोर पडतो. नवा करार ऑनलाइन होतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधारवर अंगठे आणि फोटो लागतात. एजंट मशीन घेऊन घरी येतो. आधीच्या कराराच्या शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून नवा सुरू करा, मध्ये एक दिवसही मोकळा सोडू नका.

केंद्राने डिपॉझिट दोन महिन्यांवर आणलंय, असे मेसेज भाडेकरू अधूनमधून पाठवतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेला तो आदर्श भाडेकरू कायदा, म्हणजे राज्यांसाठी नमुना आहे. एखाद्या राज्याने तो स्वीकारून आपला कायदा केला तरच तिथे लागू होतो. महाराष्ट्रातला व्यवहार १९९९च्या कायद्यानेच चालतो. मेसेज पाठवणाऱ्याला हे नीट समजावून सांगा, त्यावरून वाद घालत बसू नका.

शेवटचे दोन महिने आणि डिपॉझिट

भाडं कमी झालं नाही म्हणून नाराज झालेला भाडेकरू निघताना म्हणतो, "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा." याला हो म्हटलं की लाइट बिल, गॅस बिल, फुटलेलं बेसिन आणि भिंतीतले खिळे यांच्यासाठी हातात काही उरत नाही. करारात कलम घाला की डिपॉझिट भाड्यात वळतं होणार नाही, आणि नोटीस येताच त्याची आठवण लेखी द्या. तुमच्या बाजूनेही शब्द द्या: ताबा देण्याच्या दिवशीच हिशेब आणि पैसे. डिपॉझिट अडकवून ठेवणाऱ्या मालकांच्या अनुभवामुळेच ही मागणी एवढी वाढली आहे.

त्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरा. राहायला येतानाची वस्तूंची यादी आणि फोटो समोर ठेवा: पंखे किती, गीझरची कंपनी, कपाटाच्या चाव्या, नळांची स्थिती. वीज मीटरचं रीडिंग आणि पाइप गॅस असेल तर त्याचंही रीडिंग फोटोत घ्या, त्या तारखेपर्यंतचं बिल काढा. रोजच्या वापराने फिका पडलेला रंग भाडेकरूच्या माथी मारू नका. तुटलेलं, जळलेलं, हरवलेलं तेवढंच बिलासकट कापा. मग ताबा पावतीवर दोघांच्या सह्या, सगळ्या चाव्या आणि पार्किंगचं स्टिकर हातात, आणि उरलेली रक्कम तिथल्या तिथे बँकेतून पाठवा. पोच म्हणून त्यांच्याकडून "डिपॉझिटची पूर्ण रक्कम मिळाली" असा मेसेज घ्या आणि सोसायटीच्या ऑफिसात फ्लॅट रिकामा झाल्याचं त्याच दिवशी कळवा.